टेबलावर चार अँपियर

आमच्या ह्यांना गल्लीत नावाने कुणी ओळखत नाही. सगळे 'मीटर' म्हणतात. 'मीटर आहेत का?' 'मीटर जेवायला गेलेत का?' लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, वीजबिलाच्या खात्यात नोकरीला असतील. मग दुकान पाहिलं आणि सगळं कळलं. जिन्याखालची अरुंद खोली, एक लांब टेबल, टेबलावर सोललेल्या बॅटऱ्या, आणि गळ्यात लाल-काळ्या वायरी टाकून बसलेला हा माणूस. डॉक्टर जसे नळी टाकून बसतात तसा, फक्त डॉक्टर रोग्याला निदान 'काय होतंय' असं विचारतात तरी.

हे विचारत नाहीत. दुकानाच्या दाराला पाटी आहे: 'फक्त बॅटरी आणावी. गाडी आणू नये. काय झाले ते सांगू नये.' तिसरी ओळ ह्यांनी नंतर स्वतःच्या हाताने रंगवली. ह्यांचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक खोटं बोलतं असं नाही, पण त्याला ठाऊक काहीच नसतं, आणि ज्याला ठाऊक नसतं तो सगळ्यात जास्त बोलतो. मीटर मात्र फक्त आकडा सांगतं आणि गप्प बसतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून मला कळलेलं नाही की हा टोमणा गिऱ्हाइकाला आहे की मला.

माणूस वाईट नाही. व्यसन नाही, आवाज चढत नाही, हाताला यश आहे. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, ते गेले. मग मोबाइल, त्यात पोरंसोरं शिरली. मग हे बॅटऱ्यांचं खूळ घेतलं आणि त्यात असे रमले की घरात शिरतानाही कुठल्या तरी बॅटरीचे व्होल्ट पुटपुटत शिरतात. पण हट्ट असा, की देव जरी दुकानात आला आणि म्हणाला 'अरे, माझं असं असं झालंय', तरी हे म्हणतील, 'तुम्ही सांगू नका, ठेवून जा.'

देव आला असता तर मी काही बोलले नसते. पण वन्सं आल्या, त्याचं काय?

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. तरुणपणी पाठीच्या कण्याला मार बसला आणि पाय गेले. त्यानंतर कित्येक वर्षं त्या एका खिडकीशी बसून होत्या. सासूबाई आणि त्या दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर राहतात, आम्ही दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर. आमचा जिना चढणं त्यांना शक्य नाही म्हणून ही दोन घरं. मी लग्न होऊन आले तेव्हा वन्संना सगळ्या रस्त्याची खबर असायची, कोण किती वाजता कामावर जातं, कुणाचं कुणाशी वाजलंय. हुशार बाई, पण हुशारीचं करायचं काय? रस्त्याचा पहारा.

मग ह्यांनी खुर्ची केली. चाकांच्या जुन्या खुर्चीला मोटर बसवली, आणि बॅटरी स्वतःच्या हाताने बांधली. एकेक सेल निवडून, मोजून, पारखून. सून पसंत करताना माझ्या सासरच्यांनी इतकी पारख केली नव्हती. त्या खुर्चीवर वन्संना नोकरी मिळाली. डोळ्यांच्या दवाखान्यात चौकशीची खिडकी. घरापासून चांगलंच लांब, वाटेत एक चढ आणि एक पूल. पहिल्या दिवशी वन्सं परत आल्या तेव्हा घसा बसला होता. 'दिवसभर बोलले गं,' म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मी पण रडले. ह्यांनी त्या गोंधळात बॅटरीचा आकडा पाहिला आणि म्हणाले, 'निम्मी शिल्लक आहे. छान.'

दीड-दोन वर्षं सगळं सुरळीत होतं. मग एके दिवशी वन्संचा फोन आला, खुर्ची पुलावर थांबली. मग पुन्हा आला, आता चढावर थांबली. मी धावत जायचे, ओढत आणायचे. दवाखान्यात उशीर व्हायला लागला. कधी परतताना अडकायच्या, कधी जातानाच. आमच्या घरात फोन वाजला की मी आधी चपला शोधायचे.

ह्यांनी सांगितलं, 'बॅटरी काढून आण.'

ती बॅटरी म्हणजे काय फुलांची परडी आहे? सकाळी खुर्चीखालून सोडवायची, पिशवीत घालायची, दोन गल्ल्या चालायच्या. दांडा बोटांत रुततो. दुकानात आणली की हे तिचं झाकण उघडणार. आत सात घरं, प्रत्येक घरात सेलांचा जुडगा, आणि सगळ्यांवर एक हिरवा बोर्ड. ह्यांनीच एकदा मला समजावलं होतं: 'सातही जणांना सारखं जेवण मिळालं पाहिजे. एकाचं पोट आधी भरलं की हा बोर्ड सगळ्यांचं जेवण थांबवतो. मग बाकीचे उपाशी.' मला पटलं होतं. आमच्या माहेरच्या एकत्र कुटुंबात असंच चालायचं.

तर पहिल्या खेपेला एक घर जरा मागे सापडलं. ह्यांनी ते सारखं केलं. टेबलावरच्या चार्जरला बॅटरी लावली, मीटर पाहिलं. 'चार अँपियर. धडधडीत चार घेतेय. घेऊन जा.'

दोन दिवस झाले, खुर्ची पुन्हा चढावर.

दुसऱ्या खेपेला बोर्ड बदलला. टेबलावर चार अँपियर. घरी गेली, ये रे माझ्या मागल्या. मग एका घराचे सगळे सेल बदलले, सगळे कथलाचे डाग नव्याने दिले. टेबलावर चार अँपियर! मला ते 'चार' ऐकलं की अंगावर काटा यायचा. टेबलावर चार घेते, अहो, पण तुमची बहीण टेबलावर बसून कामाला जाते का?

'घरी रात्री लावलेली सकाळी निम्मीच भरलेली असते,' मी सांगितलं.

'तू सांगू नकोस.'

'का नको सांगू? मी डोळ्यांनी पाहिलाय आकडा!'

'मग ताई चढावर जोरात चालवत असेल.'

'आकडा सकाळचा आहे. चढ नंतर येतो.'

यावर ह्यांनी मीटर उचललं आणि तोंड फिरवलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्या आठवड्यात कोणाकोणाला दोष गेला म्हणून सांगू! वन्संच्या जेवणाच्या डब्याच्या वजनाला गेला. खुर्चीच्या भोंग्याला गेला. पुलाच्या उताराला गेला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. वन्सं स्वतः एकदा खुर्ची घेऊन दुकानापर्यंत आल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, 'अरे, ऐक तरी. आई हल्ली चार्जिंगला...'

'ताई, तू सांगू नकोस,' हे म्हणाले. 'मीटर सांगेल.'

वन्संनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खुर्ची वळवली आणि गेल्या. त्यांचा चेहरा पाहून मला ह्यांच्या गळ्यातल्या त्या वायरींनीच ह्यांना बांधून ठेवावंसं वाटलं.

आणि मग शुक्रवार आला. त्या दिवशी वन्संना इतका उशीर झाला की खिडकीपुढे रांग दारापर्यंत गेली होती. संध्याकाळी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. म्हणाल्या, 'तुम्हाला किती त्रास होतो हो. सोमवार पाहू. जमलं नाही तर पुढे तुम्ही येऊच नका, आम्ही कागद घरी पाठवत जाऊ. घरी बसून आरामात काम करा.'

वन्संनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. 'आरामात,' म्हणाल्या. 'आराम मी इतका केलाय गं, की मेल्यावरसुद्धा मला बसवणार नाही.' आणि मग हसू थांबलं. 'मला त्या खिडकीशी परत बसायचं नाही. दवाखान्याच्या खिडकीत मी आतल्या बाजूला असते. लोक मला विचारायला येतात.'

शनिवारी सकाळी मी बॅटरी आणायला गेलेच नाही. रिकाम्या हाताने दुकानात शिरले. 'बॅटरी?' ह्यांनी विचारलं.

'खुर्चीखाली आहे.'

'अगं, मग उघडू कशी?'

'मी आता ती उचलणार नाही. माझी बोटं बघा. तुम्हाला तपासायची असेल तर तुमचं ते टेबल उचला आणि तिकडे घेऊन या. नाही उचलत? मग मीटर घ्या आणि संध्याकाळी माझ्याबरोबर चला. वन्सं घरी आल्यावर खुर्ची चार्जिंगला लागते, ती लागलेली असताना बघा. एकदा. आयुष्यात एकदा.'

'माझी पद्धत तशी नाही.'

'तुमच्या पद्धतीने सोमवारी वन्सं घरी बसतील.'

'सोमवारी?' ह्यांनी विचारलं. सोमवारचं ह्यांना वन्संनी सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं? पाटी आहे ना.

संध्याकाळी दुकान आवरून आम्ही निघालो. ही वेळ आमच्या धंद्याची. लोक कामावरून परतताना बॅटऱ्या टाकून जातात, मीही तेव्हा दुकानात पावत्या फाडत असते. त्यामुळे संध्याकाळी त्या घरात आमच्यापैकी कुणाचं पाऊलच पडत नाही. हे जातात ते रविवारी, जेवतात, आणि तिथल्या आरामखुर्चीत झोपतात.

दार ढकललं. वन्सं पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. खुर्ची जवळ नव्हती. चार्जर होता, नेहमीच्या जागी, पलंगाशेजारच्या प्लगला, लाल दिवा लावून. पण त्याच्यातून निघालेली वायर खुर्चीला न जाता खाली उतरली होती, दाराच्या फटीतून स्वयंपाकघरात गेली होती, ओट्याच्या कडेकडेने पुढे सरकली होती आणि मागच्या व्हरांड्याच्या दाराखालून बाहेर पडली होती. हे त्या वायरीमागे वाकून चालायला लागले. मी ह्यांच्यामागे.

व्हरांड्यात खुर्ची होती. खुर्चीशेजारी स्टुलावर सासूबाई. त्यांच्या पायाशी वाळूने भरलेली बादली, आणि बादलीत वाळू उपसायला तसराळं.

'आई, हे काय?' ह्यांनी विचारलं.

'चार्जिंग,' सासूबाई म्हणाल्या, जणू काही आम्हीच वेडे.

ह्यांनी वायर उचलली. पातळ, दोन धाग्यांची, करड्या रंगाची. दोन्ही टोकांना सांधे इतके सुबक पिळलेले की मशीनने केलेत असं वाटावं. मी ती वायर ओळखली. माझे सासरे टेलिफोनच्या खांबांवर चढायचे. ते गेले तेव्हा माळ्यावर त्यांच्या वायरींची वेटोळी राहिली होती. सासूबाईंनी ती कधी टाकू दिली नाहीत.

'ही टेलिफोनची वायर आहे,' हे म्हणाले.

'तुझ्या वडिलांची आहे. वादळात तुटली नाही कधी. सांधे मी केलेत, त्यांनीच शिकवले होते.'

ह्यांनी आत जाऊन चार्जरच्या तोंडाशी मीटर लावलं. एकोणतीस व्होल्ट आणि वर थोडे. बाहेर येऊन खुर्चीच्या तोंडाशी लावलं. साडेसव्वीस. मग वायर सोडवून मध्ये मीटर जोडलं आणि करंट पाहिला. एक आणि वर काहीतरी. चार नाहीच. दोनसुद्धा नाही.

'मधले तीन व्होल्ट ही वायर खातेय,' हे म्हणाले. आवाज चढत नाही म्हटलं ना मी? त्या दिवशी चढला. 'आई! हिच्यातून बोलणं जाईल, जेवण नाही जाणार! मी सेल बदलतोय, बोर्ड बदलतोय, डाग देतोय, आणि तू इथे... चार्जर बिचारा इकडे म्हणतोय, झालं, भरत आली, आता हात आखडता घ्या. आणि खुर्चीपर्यंत थेंब-थेंब पोचतोय!'

'लाल दिवा लागतो की,' सासूबाई म्हणाल्या. 'आणि दहा वाजता मी काढून ठेवते.'

'काढून ठेवते?'

'मी झोपल्यावर कोण बघणार?'

ह्यांनी कपाळाला हात लावला. मग जास्तीची वायर दाराशी गुंडाळून ठेवली होती तिला हात लावला आणि झटकन मागे घेतला. 'गरम आहे,' म्हणाले. 'आई, बॅटरी एकवेळ पेटणार नाही, पण हे वेटोळं पेटेल. कुणी सांगितलं तुला हे उद्योग करायला?'

'तू,' सासूबाई म्हणाल्या.

ह्यांच्या हातातलं मीटर खाली आलं.

'तूच सांगितलंस. दोन महिन्यांमागे इथे जेवायला बसला होतास. कुणाची तरी बॅटरी फुगली, पेटली, धूर झाला. तूच म्हणालास, ह्या बॅटऱ्यांना भरवसा नाही, पेटल्या की दार उघडायलासुद्धा वेळ देत नाहीत, माणसाने झोपायच्या खोलीत लावूच नयेत. घास हातात धरून सांगत होतास. तुला मजा वाटत होती.' सासूबाईंनी बादली पायाने सरळ केली. 'तू पळशील रे. ही पळेल. मीसुद्धा या वयात पळेन. ती पळेल का? पलंगावरून खुर्चीत यायलाच तिला किती वेळ लागतो. आणि खुर्चीच पेटलेली असली तर?'

आतून वन्संचा आवाज आला. 'मला म्हणालीस चाकांची माती खोलीत येते म्हणून खुर्ची बाहेर!'

'मग काय सांगू? तुझ्या उशाशी आग आहे म्हणून सांगू? झोपली असतीस?'

मला एकदम भडभडून आलं. आणि रागही आला, दोन्ही एकदमच. सगळ्यांचाच राग. मजेत काहीतरी बोलून मोकळे होणाऱ्या ह्यांचा, सांगायचं सोडून वाळू भरत बसणाऱ्या सासूबाईंचा, एका वाक्यावर तोंड फिरवून निघून गेलेल्या वन्संचा. माझासुद्धा, कारण बॅटरी काढायला गेले की दर वेळी मीच ती खुर्ची व्हरांड्यातून आत आणत होते आणि मला एकदाही वाटलं नाही की ही इथे का. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळं घर वळसा घालत होतं आणि कळसा मीटरच्या गळ्यात लोंबत होता.

हे खाली बसले. तिथेच, व्हरांड्याच्या फरशीवर. त्या सांध्यावरून बोट फिरवून पाहिलं. 'सांधा चांगला केलास,' शेवटी म्हणाले.

'मग!' सासूबाई म्हणाल्या.

मग ह्यांनी आईला समजवायचा प्रयत्न केला. ती फुगलेली बॅटरी कुणीतरी भलत्याच चार्जरवर ठेवली होती, ही मी स्वतः बांधलीय, हिचा बोर्ड चांगला आहे, खोलीत लावली तरी चालेल. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'मग तू झोप तिच्या उशाशी.' तिथे बोलणं संपलं.

हे उठले, दुकानात गेले आणि बोटाएवढी जाड वायर घेऊन आले. सासऱ्यांची वायर सोडवून, गुंडाळून, परत माळ्यावर ठेवली. टाकली नाही. जाड वायर त्याच वाटेने नेली, प्लगपासून स्वयंपाकघरातून व्हरांड्यापर्यंत. मीटर लावलं. मी मुद्दाम आकडा पाहिला नाही, ह्यांचं तोंड पाहिलं, आणि मला कळलं. पण ह्यांनी 'चार' म्हटलं नाही. आतून दुसरं स्टूल आणलं आणि आईशेजारी बसले. बादली दोघांच्या मध्ये. दहा वाजायच्या आत दिवा हिरवा झाला.

सोमवारी सकाळी वन्सं गेल्या. आम्ही दोघं दुकानात. ह्यांच्यासमोर एक बॅटरी उघडी होती आणि तिला हात लागत नव्हता. दर थोड्या वेळाने हे उठायचे, दाराशी जायचे, फोन कानाला लावायचे, आणि काही न बोलता बंद करून परत यायचे. मी विचारलं, कोणाला? 'गिऱ्हाईक,' म्हणाले. ज्याला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकवत नाही तो गिऱ्हाइकाला फोन करतोय! पण मी त्या दिवशी भांडायच्या मनःस्थितीत नव्हते. चढ, पूल, रांग, डॉक्टरीणबाई, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं.

दुपार कलली आणि दुकानातला फोन वाजला. ह्यांचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. मी उचलला.

'अगं, तुझ्या नवऱ्याला जरा आवर घाल,' वन्सं फणकारल्या. मागे लोकांचा कलकलाट ऐकू येत होता. 'सकाळपासून चार वेळा इथे फोन आलाय. मी म्हणते, "चौकशी, बोला," की तिकडून ठेवून देतात. मला काय त्याचा श्वास ओळखता येत नाही? खिडकीवर खासगी फोन चालत नाहीत म्हणावं. माझ्यापुढे रांग आहे.' आणि ठेवून दिला.

'काय म्हणाली?' ह्यांनी विचारलं. चेहरा उतरला होता.

'तुमच्यावर जाम चिडल्यात,' मी म्हणाले.

'चिडलीय?' हे खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटले. 'म्हणजे खिडकी तिचीच राहिली.'